वरीलप्रमाणे: आरेच्या पाड्यावरील एका वारली विद्यार्थिनीचा वैद्यकीय प्रवेश

या प्रकरणातील विद्यार्थिनीला येथे तारा म्हटले आहे; हे तिचे खरे नाव नाही. कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहे. पाड्याचे, शाळेचे आणि महाविद्यालयाचे नाव, प्रवेशाचे वर्ष आणि गुणांचे नेमके आकडे मुद्दाम वगळले आहेत, कारण एवढ्याशा वस्तीत त्यावरून ओळख पटायला वेळ लागत नाही. मी गोरेगावातील एका अभ्यासिकेत बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते आणि प्रवेशाच्या कागदपत्रांत मदत करते. या प्रकरणात माझे स्वतःचे काही निर्णय चुकले. तेही जसेच्या तसे मांडले आहेत.

पार्श्वभूमी

तारा वारली समाजाची. तिचे पणजोबा डहाणू तालुक्यातील एका गावचे. त्यांच्या नावावर जमीन कधीच नव्हती. सावकाराच्या शेतावर आणि कुरणावर राबणे हेच काम. १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. म्हशींसाठी तेथे गवताची लागवड होत असे आणि गवत कापायला माणसे लागत. पणजोबा कुटुंबासह त्या कामावर आले आणि पाड्यावर राहिले. तेव्हा ताराचे आजोबा दहा-अकरा वर्षांचे होते. ते शाळेत गेले नाहीत.

ताराचे वडील सातवीपर्यंत शिकले आणि आज एका गृहनिर्माण संस्थेत माळीकाम करतात. आई पावसाळ्यात शेवळं, टाकळा, कंटोली अशा रानभाज्या घेऊन स्टेशनबाहेर बसते आणि एरवी केळीची पाने विकते. तारा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, दहावीला चांगले गुण मिळाले आणि उपनगरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तिने विज्ञान शाखेत प्रवेश घेतला. आठवीत असताना धाकट्या भावाला साप चावला होता आणि त्याला घेऊन तिला रात्री तीन दवाखाने फिरावे लागले होते. डॉक्टर व्हायचे हे तिने तेव्हाच ठरवले, असे ती सांगते.

पुढचे समजण्यासाठी थोडी व्यवस्था सांगायला हवी. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्य कोट्यातून भरल्या जातात. राज्य कोट्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के, तर अखिल भारतीय कोट्यात ७.५ टक्के आरक्षण आहे. राज्य कोट्यातील आरक्षित जागेसाठी नुसते जमातीचे प्रमाणपत्र पुरत नाही. पडताळणी समितीने दिलेले वैधता प्रमाणपत्र, म्हणजे मुलांच्या भाषेत 'व्हॅलिडिटी', हातात असावे लागते. आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींविषयीचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. त्यामुळे त्या दिवसाच्या आधीची, वडिलांकडच्या पूर्वजाची, जमातीचा स्पष्ट उल्लेख असलेली नोंद हा सर्वांत वजनदार पुरावा धरला जातो.

या पडताळणीबद्दल पाड्यावर राग आहे आणि तो मला समजतो. तरीही ही व्यवस्था आदिवासींच्या विरोधात उभी केली गेली, असे मी म्हणणार नाही. नावाच्या साधर्म्याचा फायदा घेऊन वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा बळकावणाऱ्या बोगस दाव्यांविरुद्ध आदिवासी संघटनांनीच वर्षानुवर्षे लढा दिला आहे. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि त्यांच्यासाठी चौकशी करणारी दक्षता पथके यांची कार्यपद्धती ठरवून दिली. ती ज्या प्रकरणात ठरवून दिली, तेही व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या आरक्षित जागेवरील प्रवेशाचेच होते. प्रश्न एवढाच की खोट्या माणसाला अडवण्यासाठी लावलेली चाळणी, ज्याच्या घरात कागदच कधी आला नाही अशा खऱ्या माणसालाही अडवते.

अडचण

अकरावीचा प्रवेश ताराला जमातीच्या प्रमाणपत्रावर मिळाला. वैधतेबद्दल तेव्हा कोणी काही बोलले नाही. बारावीच्या दिवाळीनंतर महाविद्यालयात सूचना लागली आणि तिने अर्ज भरला. मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, समितीकडून त्रुटींचे पत्र आले.

त्यात तीन दाखल्यांतील तफावत दाखवली होती. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'हिंदू' होते. आत्याच्या दाखल्यावर 'हिंदू वारली' होते. आणि वडिलांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे ताराच्या मोठ्या काकांच्या दाखल्यावर 'हिंदू कोळी' होते. एकाच बापाच्या तीन मुलांच्या तीन नोंदी. शिवाय १९५० पूर्वीचा एकही कागद जोडलेला नव्हता. प्रकरण दक्षता पथकाकडे चौकशीसाठी पाठवण्यात आले.

वडिलांची अपुरी नोंद आणि जुन्या कागदाची उणीव त्रासदायक असली तरी सामान्य होती. काकांची नोंद गंभीर होती. नुसती 'कोळी' ही नोंद अनुसूचित जमातीत मोडत नाही. मल्हार कोळी, महादेव कोळी या जमाती यादीत आहेत, पण 'कोळी' एवढेच लिहिलेले असेल तर ती विसंगत नोंद ठरते, आणि अशी एक नोंद बाकीच्या दहा अनुकूल कागदांवर सावली टाकते.

मे महिन्यात ताराने वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. ७२० पैकी अडीचशेच्या आसपास गुण मिळाले. आरक्षित गटासाठी लागणाऱ्या चाळीसाव्या पर्सेंटाइलच्या बऱ्याच वर, पण शासकीय एमबीबीएसच्या जागेपासून दूर. वैधतेचे प्रकरण प्रलंबित असल्याने राज्याच्या यादीत तिचे नाव खुल्या गटात गेले असते आणि त्या गुणांवर तेथे काहीच हाती लागण्यासारखे नव्हते.

तोलून पाहिलेले पर्याय

जूनच्या एका रविवारी तारा, तिचे आईवडील, आत्या आणि मी अभ्यासिकेत बसलो. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "बाई, पोरगी नापास झाली का आम्ही?" त्या दिवशीची सगळी चर्चा मला या प्रश्नाभोवतीच फिरल्यासारखी आठवते.

नर्सिंग घ्यावे, असे आत्याचे मत होते. आत्या स्वतः नववीनंतर शाळा सोडून कामाला लागलेली, त्यामुळे हातात असलेले सोडू नये हे तिचे म्हणणे अनुभवातून आलेले होते. पण कोणत्याही व्यावसायिक अभ्यासक्रमाची आरक्षित जागा घ्यायची तर वैधता लागणारच होती. म्हणजे स्वप्न लहान केले तरी अडचण तेवढीच राहत होती, आणि हे लक्षात आल्यावर तो पर्याय आपोआप मागे पडला.

अखिल भारतीय कोटा हा दुसरा मार्ग. तेथे केंद्राच्या नमुन्यातील जमातीचे प्रमाणपत्र लागते. वैधता प्रमाणपत्र ही महाराष्ट्राची अट आहे. पण ताराकडे राज्याच्या नमुन्यातीलच प्रमाणपत्र होते. केंद्राच्या नमुन्यातील वेगळे काढून ठेवावे, हे मी तिला वर्षभरात एकदाही सांगितले नव्हते. शिवाय त्या गुणांवर तेथेही जागा मिळाली नसती, म्हणून त्या वर्षी नुकसान झाले नाही. पण चूक ती चूकच.

उच्च न्यायालयात जाऊन समितीला ठरावीक मुदतीत निर्णय देण्याचा आदेश मागणे, हा तिसरा पर्याय. अनेक विद्यार्थी ऐन प्रवेशाच्या वेळी तो वापरतात. महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे, त्यामुळे वकिलाच्या फीचा प्रश्न नव्हता. आम्ही ज्या वकीलबाईंचा सल्ला घेतला, त्यांनी मात्र स्पष्ट सांगितले: "मुदत मागून मिळेल. पण आज फाइलमध्ये जे आहे त्यावर निर्णय झाला, तर तो विरोधात जाईल. आधी फाइल भरा." या सल्ल्याने प्रकरणाला वळण मिळाले.

एक वर्ष थांबायचे, नीट परीक्षा पुन्हा द्यायची आणि त्याच वर्षात पुरावा गोळा करायचा, असे ठरले. आईने एकच अट घातली: कागदांसाठी पोरगी धावणार नाही, ती फक्त अभ्यास करेल.

पहिले चुकीचे पाऊल

येथे मी एक चूक केली आणि तिने जवळजवळ दोन महिने खाल्ले. वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू' आहे, तर तो दुरुस्त करून 'हिंदू वारली' करून घ्यावा, असे मी सुचवले. वडिलांनी शाळेत अर्ज दिला, तेथून तो शिक्षण विभागाकडे गेला, पुन्हा शाळेत आला. प्रत्येक खेपेला त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. ऑगस्टमध्ये वकीलबाईंना हे कळले तेव्हा त्यांनी तो अर्ज मागे घ्यायला लावला. चाळीस वर्षांपूर्वीची नोंद आज, समितीकडे प्रकरण चालू असताना बदलून घेतली, तर तिला पुरावा म्हणून वजन राहत नाही. उलट कुटुंब कागद तयार करत आहे अशी शंका येते. जुनी नोंद अपुरी असेल तर ती अपुरीच ठेवावी आणि तिच्याहून जुनी नोंद शोधावी. हा नियम मला माहीत असायला हवा होता.

डहाणूची नोंदवही

१९५० पूर्वीचा पुरावा शोधायचा तर गावाकडे जावे लागणार होते. जमीन नाही म्हणून सातबारा नाही, फेरफार नाही. शाळा नाही म्हणून शाळेचा दाखला नाही. महसुली कागदांत भूमिहीन माणसाचे नाव येण्याची एकच हमखास जागा होती, ती म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला अजूनही सगळे कोतवाल बुक म्हणतात. माणूस कोणाचाही गडी असो, जन्मला आणि मेला की कोतवाल त्याची नोंद करीत असे.

वडील आणि आत्या सप्टेंबरमध्ये तालुक्याला गेले. आजोबांचे जन्मवर्ष नक्की माहीत नव्हते. 'मोठ्या पुराच्या आधीच्या पावसात' एवढेच आजीला ऐकून माहीत होते. म्हणून १९३६ ते १९४० अशा पाच वर्षांच्या नोंदी मागितल्या. नोंदवहीचा बराच भाग मोडी लिपीत होता. दुसऱ्या खेपेला मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांना सोबत नेले आणि १९३८ च्या पानावर नोंद सापडली: मुलगा, बापाचे नाव, गाव आणि जातीच्या रकान्यात 'वारली'. मुलाचे नाव लिहिलेले नव्हते. जन्माच्या नोंदीत तेव्हा ते बहुधा नसेच.

नोंदीची प्रमाणित नक्कल आणि अधिकृत देवनागरी लिप्यंतर मिळायला आणखी पाच आठवडे गेले. बिननावाचा तो मुलगा म्हणजेच ताराचे आजोबा, हे आता दाखवायचे होते. जुनी शिधापत्रिका, मतदार यादीतील वय आणि पणजोबांचे नाव एकमेकांशी जुळत होते. पण सर्वांत मजबूत दुवा गावातच होता. वडिलांचे एक चुलत भाऊ तेथे शिक्षक आहेत आणि नोकरीच्या वेळी त्यांना वैधता मिळालेली आहे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील व्यक्तीला रीतसर चौकशीनंतर मिळालेली वैधता हा फार मोठा आधार असतो.

चुलत काकांनी प्रत द्यायला आधी नकार दिला. त्यांना वाटले, या प्रकरणात काही खोट निघाली तर आपलेही प्रकरण उघडले जाईल आणि नोकरी जाईल. त्यांच्या भीतीला मी दोष देत नाही. तारानेच त्यांना फोन करावा, असे मला वाटत होते. आईने ते होऊ दिले नाही. "पोरीने भीक मागितली तर ती जन्मभर लक्षात ठेवील," असे ती म्हणाली. त्यानंतर ताराची आजी, सत्तरी ओलांडलेली, लोकलने डहाणूला गेली आणि पुतण्याच्या घरी दोन दिवस राहिली. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही. परत येताना तिच्या पिशवीत वैधतेची प्रत, शपथपत्र आणि हाताने काढलेली वंशावळ होती.

शाळेच्या नोंदवहीतील पान

काकांच्या 'हिंदू कोळी' या नोंदीचा उलगडा मात्र योगायोगाने झाला, आणि संपूर्ण प्रकरणात मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शाळेने समितीला पाठवला होता तो नोंदवहीचा उतारा. उताऱ्यात लिपिक एकाच विद्यार्थ्याची ओळ पूर्ण लिहून देतो: नाव, जन्मतारीख, जात. त्यामुळे आम्ही सगळे एकच ओळ पाहत होतो. डिसेंबरमध्ये काका स्वतः शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "मला वही दाखवा, माझा हात लावणार नाही." मुख्याध्यापकांनी वही काढली. पान पिवळे पडलेले, शाई निळसर काळी. त्या जूनमध्ये पाड्यावरची सहा मुले एकाच दिवशी दाखल झाली होती आणि त्यांची नावे एकाखाली एक होती. पहिल्या मुलाच्या जातीच्या रकान्यात 'हिंदू कोळी' लिहिले होते. खालच्या पाच ओळींत काहीच लिहिलेले नव्हते, फक्त 'वरीलप्रमाणे' दाखवणाऱ्या दोन बारीक तिरक्या रेघा होत्या.

पहिला मुलगा मल्हार कोळी. गुरुजींनी त्याचेही अर्धेच लिहिले आणि उरलेल्या पाच जणांना विचारलेच नाही. त्या पाचांत ताराचे काका तिसरे होते. त्यांच्या वरचा मुलगा वारली, खालचाही वारली, आणि त्यातील एका घराला पुढे वारली म्हणून वैधता मिळालेली होती. लिपिकाने उतारा देताना त्या दोन रेघांच्या जागी इमानेइतबारे 'हिंदू कोळी' अशी अक्षरे घातली होती. त्यात त्याचा दोष नव्हता, पण त्या क्षणी एका खुणेचे रूपांतर नोंदीत झाले.

पूर्ण पानाची प्रत मागितल्यावर शाळेने नकार दिला, कारण त्यावर इतर मुलांची माहिती होती. तो नकार योग्यच होता. दोन गोष्टी केल्या. त्या पाच कुटुंबांकडून लेखी संमती घेतली आणि दक्षता पथकाने मूळ नोंदवही प्रत्यक्ष पाहावी, अशी विनंती समितीला केली. दोन्ही मान्य झाल्या.

घरी झालेली चौकशी

दक्षता पथकाचे पोलीस अधिकारी आणि संशोधन अधिकारी जानेवारीत पाड्यावर आले. जमातीच्या चालीरीती, कुलदैवत, लग्न, मर्तिक यांविषयी प्रश्न विचारले जातात. ताराने पूर्वी अर्जासोबत भरून दिलेल्या प्रश्नावलीत फार मोघम उत्तरे होती: 'आम्ही सर्व सण साजरे करतो', 'लग्न पारंपरिक पद्धतीने होते'. ती इतकी कोरी उत्तरे होती की कोणत्याही समाजाला लागू पडावीत. तिला हे माहीत नव्हते असे नाही. वर्गात लोक हसतील म्हणून दहा वर्षे जे लपवले, ते सरकारी कागदावर एकदम कसे लिहायचे, हे तिला उमगले नाही.

चौकशीच्या दिवशी आजी बोलली. वाघदेवाची पूजा कोठे होते, ते तिने उठून हाताने दाखवले. नवे धान्य कणसरी या धान्यदेवीला दाखवल्याशिवाय खात नाहीत, हे सांगितले. लग्नात भिंतीवर चौकाचे चित्र कोण लिहिते, त्यात पालघट देवी कोठे असते, हे सांगितले. अधिकाऱ्यांनी टिपून घेताना लग्न भगत लावतो, असे वाचून दाखवले तेव्हा तिने त्यांना थांबवले: "भगत नाही. लग्न धवलेरी लावते. बाई असते ती." त्यांनी ते खोडून दुरुस्त केले.

मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले आहे की चालीरीतींशी जुळणी ही दाव्याची एकमेव कसोटी मानता येत नाही. स्थलांतराने आणि शहरी जीवनाने या खुणा पुसट होऊ शकतात. आमच्या लेखी उत्तरात वकीलबाईंनी याचा आधार घेतलाच होता. तरीही मला वाटते, आजी बोलली नसती तर फाइल एवढी सरळ पुढे सरकली नसती.

अभ्यासाची बाजू

याच काळात तारा अभ्यास करत होती, आणि त्याबद्दल थोडक्यातच सांगते. पाड्याकडे जाणारी वाट झाडीतून जाते आणि त्या भागात बिबट्याचा वावर आहे. अंधार पडल्यावर एकटीने परतता येत नसल्याने पहिल्या वर्षी तिला अभ्यासिकेतून सहाच्या आत निघावे लागत असे. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरपासून ती आत्याच्या जोगेश्वरीच्या खोलीवर राहिली. रोजचे तीन तास वाढले. गुणांतील वाढीचे सर्वांत मोठे कारण मी यालाच मानते.

दुसरा निर्णय भाषेचा. नीट परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते आणि तो पर्याय निवडला तर पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही सोबत असतो. अर्थात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो. पहिल्या वर्षी ताराने मराठीच वाचली आणि भौतिकशास्त्रात अडखळली, कारण अकरावी-बारावीत ती ते इंग्रजी शब्दांतूनच शिकली होती. काही शिक्षकांनी तिला सरळ इंग्रजी घ्यायला सांगितले. आम्ही मराठी पर्याय कायम ठेवला, पण वाचण्याची सवय बदलली: आधी इंग्रजी, आणि वाक्य लांब किंवा नकारार्थी असेल तेव्हाच मराठी. जीवशास्त्रातील 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही' अशा प्रश्नांत तिच्या चुका लक्षणीय कमी झाल्या.

निष्पत्ती

एप्रिलमध्ये समितीपुढे सुनावणी झाली. १९३८ ची नोंद, चुलत काकांची वैधता, मूळ नोंदवहीच्या पाहणीचा अहवाल आणि आजीचा जबाब हे सर्व एकत्र समोर होते. मे महिन्याच्या अखेरीस, निकालाच्या आधी, वैधता प्रमाणपत्र हातात आले. न्यायालयात जावे लागले नाही. नीट परीक्षेत ताराचे गुण शंभराहून अधिक वाढले.

या वेळी तिने दोन्ही कोट्यांत नाव नोंदवले, कारण केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्रही काढून ठेवले होते. राज्य कोट्याच्या पहिल्या फेरीत मुंबईपासून दूर असलेल्या एका शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. ती जागा पक्की करायची की मुंबईतील महाविद्यालयाच्या आशेने पुढच्या फेरीत जायचे, हा शेवटचा मोठा निर्णय होता.

आईला मुंबई हवी होती आणि तिच्या मनात भीती होती. मे २०१९ मध्ये मुंबईत एका आदिवासी निवासी डॉक्टर मुलीचा मृत्यू झाला आणि वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचे आरोप झाले, ही बातमी पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. लांब गेल्यावर पोरीला कोण पाहणार, असे आईचे म्हणणे. ताराचे म्हणणे असे की मुंबईत राहिली तर रोज पाड्यावर ये-जा करावी लागेल आणि रात्री पुन्हा तोच प्रश्न येईल; वसतिगृह असलेले महाविद्यालय तिला अधिक सुरक्षित वाटत होते. मी मत दिले नाही. वडील आणि तारा प्रवेशाआधी एक दिवस तेथे जाऊन आले, वसतिगृह पाहिले आणि दुसऱ्या वर्षाला असलेल्या दोन आदिवासी मुलींशी बोलले. त्यांपैकी एकीने आपला नंबर आईसाठी लिहून दिला. त्यानंतर जागा कायम ठेवण्याचा अर्ज भरला. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्याने शिक्षण शुल्क मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून भागते.

वेगळे काय करता आले असते

वैधतेचा अर्ज अकरावीच्या पहिल्या महिन्यातच करायला हवा होता. आता आमच्या अभ्यासिकेत भौतिकशास्त्राचे पहिले प्रकरण सुरू होण्याआधी प्रत्येक आदिवासी मुलाच्या घरची वंशावळ कागदावर उतरवून घेतली जाते. त्याच आठवड्यात वडील, काका, आत्या, आजोबा या सर्वांच्या दाखल्यांवर काय लिहिले आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले जाते. ताराच्या घरातील तीन वेगळ्या नोंदी कपाटातल्या एकाच पिशवीत होत्या. त्या एकत्र कोणी वाचल्या नव्हत्या, एवढेच.

उताऱ्यावर समाधान मानायला नको होते. मूळ वही पाहण्याची विनंती आम्ही मार्चमध्येच केली असती तर नऊ महिने वाचले असते, आणि कदाचित वर्षही.

प्रश्नावली ताराने एकटीने भरली, हे मला सर्वांत जास्त खटकते. उत्तरे पढवायची नसतात. पढवलेले उत्तर चौकशीत पहिल्याच फेरप्रश्नाला उघडे पडते. पण आजीच्या शेजारी बसून ती भरायला सांगणे एवढे माझ्या हातात होते.

एका बाबतीत मात्र मी आजही ठाम नाही. कागदांपासून ताराला दूर ठेवण्याचा आईचा निर्णय परीक्षेच्या दृष्टीने अचूक ठरला. तरी आपल्या पणजोबांचे नाव असलेले ते मोडीतले पान ताराने प्रथम पाहिले ते वैधता मिळाल्यानंतर, फाइल आवरताना. ती बराच वेळ ते हातात धरून बसली होती, आणि वर्षभर हे तिच्यापासून दूर ठेवून आपण बरोबर केले का, असे मला वाटून गेले.

त्या सहा ओळींच्या पानाचे काम अजून संपलेले नाही. ताराच्या काकांखेरीज उरलेल्या पाचांपैकी तीन घरांत आता दहावी-अकरावीची मुले आहेत आणि त्यांच्या घरच्या दाखल्यांवरही 'हिंदू कोळी' अशीच नोंद आहे. तिन्ही घरांचे अर्ज या जूनमध्ये जाणार आहेत. त्यातील वारली मुलांच्या अर्जांसोबत ताराच्या प्रकरणातील पाहणीचा संदर्भ आणि मूळ वही पाहण्याची विनंती पहिल्याच दिवशी जोडली जाईल. मल्हार कोळी मुलासाठी मात्र वेगळा शोध घ्यावा लागेल, कारण त्याच्या आजोबांच्या ओळीत 'वरीलप्रमाणे' नाही, अक्षरे आहेत. त्यासाठी ताराचे वडील पुढच्या आठवड्यात त्या घरच्यांना घेऊन डहाणूच्या त्याच मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडे जाणार आहेत.